मॅग्नेशियमची गोळी कोणाला?

पाय वळतात म्हणा किंवा झोप लागत नाही म्हणा, केमिस्टच्या काउंटरवर हल्ली कॅल्शियमच्या शेजारी मॅग्नेशियमची बाटलीही पुढे केली जाते. मोबाइलवर तर ती न मागताच येते. पोटऱ्यांतले गोळे, अर्धशिशी, चिंता, रक्तदाब, साखर अशा सगळ्यांवर हाच एक उपाय, असा एकूण सूर असतो. उलट, हे सारे कंपन्यांनी काढलेले फॅड आहे म्हणून विषयच झटकून टाकणारेही भेटतात. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे, त्यामुळे निवाडा एका वाक्यात होत नाही.

मॅग्नेशियमची गरज वादातीत आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत. तीनशेहून अधिक एन्झाइमांचे काम त्याच्यावाचून अडते. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणूही मॅग्नेशियमशी जोडला गेला तरच उपयोगी पडतो. आणि औषध म्हणून त्याची खरी ताकद पाहायची तर प्रसूतिकक्षात जावे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्या एक्लॅम्प्सियावर मॅग्नेशियम सल्फेट हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या 'मॅगपाय' चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पण तिथली शिस्तही पाहण्यासारखी आहे. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, मिनिटाला श्वास किती ते मोजतात, लघवी पुरेशी होते आहे ना याची खात्री करतात. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेले असते. जे द्रव्य जीव वाचवते तेच इतक्या निगराणीखाली द्यावे लागते, हे 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

हृदयविकाराच्या बाबतीत वेगळेच घडले. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या सुमारे २३०० रुग्णांवरच्या चाचणीत, झटका आल्याबरोबर शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू जवळपास चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. आशा वाढल्या. तीनच वर्षांनी ५८ हजार रुग्णांची 'आयसिस-४' चाचणी आली आणि फायदा दिसेनासा झाला. औषध कधी द्यायचे यावरून वाद चालू राहिला, म्हणून ते लवकर देऊन पाहणारी आणखी एक मोठी चाचणी झाली. तिच्यातही हाती काही लागले नाही. लहान अभ्यासातल्या चांगल्या बातमीवर बाटली विकत घेणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घेतलेला बरा.

आता रोजच्या तक्रारींकडे वळू. रक्तदाबावर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा परिणाम होतो, पण अनेक चाचण्या एकत्र केल्यावर तो सरासरी दोन अंकांच्या आसपास निघतो. चालू औषध बंद करण्याइतका तो नाही. अर्धशिशीत काहींना उपयोग होतो, असे म्हणण्याइतपत आधार आहे. झोपेबाबतचे अभ्यास थोडे आणि कच्चे आहेत. ज्या तक्रारीसाठी ही गोळी सर्वाधिक घेतली जाते, त्या वयस्कांच्या रात्री पाय वळण्यावर मात्र तिचा लक्षात येण्यासारखा फायदा होण्याची शक्यता कमी, असेच वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या पुनरावलोकनाने म्हटले आहे. आजी-आजोबांना हे सांगणे जिवावर येते, कारण रात्री दोनला पोटरी धरून बसणाऱ्याला कसला तरी आधार हवा असतो.

मग रक्त तपासून ठरवावे का? इथेही पेच आहे. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही आत कमतरता असू शकते. हे खरे आहे. पण 'रिपोर्टवर जाऊ नका, तुम्हाला कमतरता आहेच' असे म्हणून विक्री करायलाही हेच वाक्य वापरले जाते. त्यापेक्षा विचारायचा प्रश्न असा, की कमतरता होण्याचे कारण आहे का? अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षे रोज उपाशीपोटी घेणारे, लघवी वाढवणारी औषधे चालू असलेले, ताब्यात नसलेला मधुमेह, जुनाट जुलाब, दारू. या मंडळींनी डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा. अ‍ॅसिडिटीच्या या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला होता. आपल्याकडे ती गोळी थांबवायची कधी, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. याउलट किडनी कमजोर असलेल्याने मॅग्नेशियमला स्वतःच्या मनाने हात लावू नये. जादा साठा बाहेर टाकण्याचे काम तिचेच आहे.

उरलेल्या निरोगी माणसाने काय करावे? पुरुषाला दिवसाला ४४० आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम, ही आयसीएमआरची २०२० ची शिफारस. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम असते, राजगिऱ्यात अडीचशेच्या आसपास, तिळात साडेतीनशेच्या आसपास. पॉलिशच्या तांदळात जेमतेम वीस. दोन भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅम पीठ धरले तर दीडशेहून अधिक मिळते. वर पालेभाजी, उसळ आणि तिळाची चटणी असली की हिशेब बराचसा जुळतो. धान्यातल्या फायटेटमुळे शोषण थोडे घटते, हा आक्षेप रास्त आहे, पण कडधान्याला मोड आणल्याने आणि आंबिलीसारखे पीठ आंबवल्याने तेही कमी होते. गव्हाची कणीकही वाईट नाही. कोंडा आणि अंकुर गेला की बहुतेक मॅग्नेशियम जाते, म्हणून अडचण मैद्याची आहे: पाव, खारी, बिस्किटे.

एवढे झाल्यावर 'मग भाकरी खा' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. नोकरीवरून आठला घरी येणाऱ्या बाईने भाकऱ्या थापाव्यात, असे सांगणारा बहुधा थापणारा नसतो. आणि ज्वारीचे क्षेत्र राज्यात दशकानुदशके घटत आले आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य रुपया किलोने देण्याची तरतूद होती, तरी रेशनच्या पिशवीत येतात ते प्रामुख्याने तांदूळ आणि गहूच. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजले, पण सोलापूर-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडून ज्वारी घेऊन ती त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानात नियमित पोचवणे ही मागणी त्या गाजावाजापेक्षा मोठी आहे आणि ती लावून धरायला हवी.

आणि ज्यांना डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्यांनी पाकीट उलटून वाचावे. '५०० मिलिग्रॅम ग्लायसिनेट' म्हणजे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम नव्हे. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सत्तरच्या आसपास असते. ऑक्साइडमध्ये आकडा मोठा दिसतो, पण ते शोषले कमी जाते आणि पोट सुटते. पाकिटावर 'एलिमेंटल' किती ते छापलेले नसेल, तर ते पाकीट परत करावे.