विजेचा धडा शिवारात शिकवा



गेल्या वर्षी वळवाच्या पावसात माझ्या सज्जातल्या एका गावात लिंबाच्या झाडावर वीज पडली. झाडापासून सात-आठ पावलांवर बांधलेली बैलजोडी जागच्या जागी गेली. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब, पोलीस पाटील, जनावरांचे डॉक्टर आणि मी असे सगळे जमलो होतो. मालकाचा पोरगा नववीत शिकणारा. त्याने मला विचारलं, "साहेब, वीज झाडावर पडली. बैलं तर झाडाला टेकलेली पण नव्हती. मग मेली कशानं?"

प्रश्न बिनचूक होता. पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. एक जण म्हणाला, नशीब. एका म्हाताऱ्या बाबांनी घरात कुणी पायाळू आहे का, याची चौकशी सुरू केली. मी कृषी पदविकाधारक, पण मीही त्या वेळी गप्प राहिलो. खोटं कशाला सांगू? घरी जाऊन पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला.

वीज झाडातून खाली उतरते आणि जमिनीत पसरते. तळ्यात दगड टाकला की वलयं उठतात ना, तशी वलयं मनात आणा. बुंध्याजवळ विजेचा दाब सर्वांत जास्त, आणि लांब जावं तसा तो कमी कमी होत जातो. बैलाचे पुढचे पाय एका दाबावर, मागचे पाय दुसऱ्या दाबावर. दोन्हींत चार-पाच फुटांचं अंतर. त्या फरकामुळे प्रवाह पुढच्या पायांतून वर चढतो आणि छातीतून मागच्या पायांत उतरतो. दाब एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती झपाट्याने बदलतो, यावरून तिथलं विद्युत क्षेत्र कळतं. पोरांना हा शब्द अवघड वाटतो. पण त्याचा अर्थ त्या दिवशी लिंबाखाली पडलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रकाश, विद्युत क्षेत्र आणि लहरी हे धडे आपल्या पोरांना मार्कांपुरते न शिकवता शिवारातल्या वस्तू दाखवून शिकवले पाहिजेत. शहरातल्या पोराचं या धड्यावाचून अडलं तर मार्क जातील. आपल्याकडे जीव जातो.

मोटारीची किंवा खांबावरची तार तुटून पडली तर जमिनीत तशीच वलयं तयार होतात. अशा वेळी ढांगा टाकत पळणारा माणूस बैलासारखा सापडतो. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत मागे यायचं. ज्याला विद्युत क्षेत्र समजलं त्याला हे पाठ करावं लागत नाही. आणखी एक गोष्ट. तारेला चिकटलेल्या माणसाला प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. पण आकाशातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावायचा, श्वास बघायचा, छाती दाबायची, दवाखान्यात न्यायचं. हा फरक माहीत नसल्यामुळे वाचण्यासारखी माणसंही हातची जातात.

आता उजेडाचा धडा घ्या. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचे अपवर्तन आहे. पोरं काचेच्या चिपेची आकृती काढतात आणि सोडून देतात. पण वरून बघताना बारा फूट स्वच्छ पाणी डोळ्याला नऊ फुटांएवढंच दिसतं, हे किती जणांना माहीत आहे? पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, म्हणून तळ वर आल्यासारखा वाटतो. विहिरीत, शेततळ्यात "फार खोल नाही" म्हणून उतरणाऱ्या पोराला हा धडा आधी मिळाला पाहिजे. बादलीत तिरकी काठी बुडवून तो पाच मिनिटांत शिकवता येतो. कीडसुद्धा रंग ओळखते. पांढऱ्या माशीला पिवळा चिकट सापळा लावतो, फुलकिड्यांना निळा. हेही त्याच धड्यात सांगा.

तिसरा धडा न दिसणाऱ्या लहरींचा. विजा चमकत असताना पक्क्या घरात बसून सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावा. वीज चमकली की त्याच क्षणी खर्र असा आवाज येतो, गडगडाट मागून येतो. उजेड आणि रेडिओच्या लहरी एकाच घरातली भावंडं. दोघी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. म्हणून चमक दिसल्यावर अंक मोजायचे. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देतं. पण झाडाखाली का थांबायचं नाही, हे ॲपवाचूनही कळलं पाहिजे.

टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्याला न दिसणारा उजेड बहुतेक मोबाईलांत ठिपक्यासारखा दिसतो. चुलीची धग, मोबाईल टॉवरची लहर, दवाखान्यातला एक्स-रे, सगळे एकाच कुळातले. ही ऊर्जा पुड्या-पुड्यांनी येते. एक्स-रेची पुडी जड, ती पेशींना इजा करू शकते. टॉवरच्या लहरीची पुडी दिव्याच्या उजेडापेक्षाही हलकी. हे समजलेलं पोरगं "टॉवरनं पाऊस पळवला" असं म्हणणाऱ्याला पुरावा मागेल.

काही पालक म्हणतील, पोर्शन तर पुरा होत नाही, हे कधी करायचं? मी गुरुजींना दोष देत नाही. कित्येक शाळांत प्रयोगाचं सामान कपाटात आणि कपाटाला कुलूप असतं, कारण काच फुटली तर भरपाई कुणी द्यायची? ही भीती गावाने काढून टाकली पाहिजे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीला तीन विनंत्या आहेत. एक, ट्रान्झिस्टर, आरसे, भिंगं, चुंबकसूची, सेल आणि बल्ब एवढं सामान ग्रामपंचायतीने घेऊन द्यावं, आणि फुटलं तर हिशेब मागू नये. दोन, मृगाआधी एक दिवस वायरमन आणि गुरुजी यांनी मिळून पोरांना डीपी लांबून दाखवावी, अर्थिंग कशासाठी असतं ते सांगावं. तीन, २८ फेब्रुवारीला भाषणं कमी करून पोरांचे प्रयोग मांडावेत. १९२८ साली त्याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांच्या हाती प्रकाशाविषयीचा शोध लागला, म्हणून तो विज्ञान दिन. जमल्यास सहल खोडदला न्या. जुन्नर तालुक्यात शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. विज्ञान दिनाला तिथे शाळकरी पोरांचेही प्रयोग मांडलेले असतात.

त्या पोराला मी पुढच्या भेटीत उत्तर दिलं. त्याने मातीत काडीने वलयं काढली, मधे चार पाय काढले आणि म्हणाला, "म्हणजे बैलं आडवी उभी असती, सगळे पाय एकाच वलयावर, तर वाचली असती का?" वाचण्याची शक्यता वाढली असती, असं मी सांगितलं. असा विचार करणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. त्यांना उत्तर द्यायची तयारी आपण ठेवायची का नाही, हे येत्या ग्रामसभेत ठरवा.