बुरशी लागलेला मका घरी ठेवताय?

दिवाळीच्या सुमारास सोयगाव परिसरात अंगणात, गच्चीवर, अगदी डांबरी रस्त्याच्या कडेलाही मका वाळत घातलेला दिसतो. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. ओला माल नेला की व्यापारी ‘मॉइश्चर’ दाखवून भाव पाडतो. मग भिजलेला ढीग घरीच राहतो: गुरांना होईल, थोडा दळूनही आणू. डॉक्टर म्हणून माझी हरकत इथे आहे.

ओलसर दाण्यावर ॲस्परजिलस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. बुरशी झटकता येते, विष दाण्यातच राहतं. भाकरी भाजली, कण्या शिजवल्या तरी ते पूर्ण जात नाही. थोडं थोडं पोटात गेलं तर लगेच काही जाणवत नाही. पण वर्षानुवर्षं गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असेल तर अनेक पटींनी. दुभत्या जनावराला घातलात, तर त्याचाच एक प्रकार दुधातून तुमच्याच घरात परत येतो.

आणि एकदम जास्त गेलं तर? १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. मका हेच त्यांचं मुख्य अन्न. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. तेच खाणारी कुत्रीही मेली.

काढणीनंतरचं नुकसान आपण क्विंटलमध्ये मोजतो. तब्येतीचं नुकसान त्यात कुणी धरत नाही. ओलावा मोजायचं यंत्र व्यापाऱ्याकडे असतं. ते प्रत्येक ग्रामपंचायतीत का नसावं? दाताखाली दाणा ‘कट्‌’ वाजला म्हणजे वाळला, हा अंदाज झाला. सरकारी खरेदीत १४ टक्के ओलावा चालतो, घरी साठवायला १२ च्या आसपास हवा.

“मग काय फेकून देऊ, डॉक्टरसाहेब?” हा प्रश्न मला माहीत आहे, आणि खत-बियाण्याचा खर्च पाहता रागही समजतो. निदान फुटलेले, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे हाताने निवडा. बरंचसं विष त्यांच्यातच असतं. सगळं मात्र जात नाही, म्हणून ढिगाला कुबट वास येत असेल तर तो खाण्यात आणूच नका.

निवडलेले दाणे कोंबड्यांपुढेही टाकू नका. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तोच १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीची शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की कोंबड्या मेल्या तेव्हा.