कृष्णेचं नाव समुद्रावर

कृष्णेविषयी आपण बोलतो ते धोमचं आवर्तन, उसाची पाळी नाहीतर पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पातळी, एवढ्यापुरतं. याच नदीचं नाव लावून एक फ्रिगेट जवळपास सतरा वर्षं आपल्या नौदलात होती, हे सातारा-सांगलीत फारसं कुणाला ठाऊक नाही.

‘आयएनएस कृष्णा’ मूळची इंग्रजांची. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बांधलेली, १९६८ साली ‘अँड्रोमेडा’ म्हणून ब्रिटिश नौदलात दाखल झालेली, लिअँडर वर्गातली. मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटन-आइसलँडची जुंपली, तेव्हा जानेवारी १९७६मध्ये आइसलँडच्या ‘थोर’ या गस्तीनौकेशी तिची टक्कर झाली. १९८२च्या फॉकलंड युद्धातही ती होती. ऑगस्ट १९९५मध्ये ती आपल्याकडे आली. तिच्याआधीही आपल्या नौदलात एक ‘कृष्णा’ होती. इंग्रजी अमदानीत तिचं नाव ‘किस्टना’ असं लिहीत.

युद्धनौकांवर लिहिणारे फॉकलंडपाशी रमतात आणि पुढचं दोन ओळींत उरकतात. मला मोल वाटतं ते या पुढच्या वर्षांचं. आपल्या नौदलानं तिला प्रशिक्षणनौका केलं. क्षेपणास्त्रं उतरली, वर्ग आले आणि कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यात ती पोरं घडवू लागली. नौका वाफेवर चालणारी. उभ्या लोखंडी शिडीनं बॉयलरपाशी उतरायचं, अंगाची लाही होत असताना दाबाच्या काट्यावरची नजर हलू द्यायची नाही, आणि वर येऊन हलत्या डेकवरून सूर्याची उंची मोजायची. आज मोठ्या हुद्द्यांवर असलेल्या कितीतरी अधिकाऱ्यांनी समुद्राचे पहिले धडे तिच्यावर गिरवले. मे २०१२मध्ये ती निवृत्त झाली.

साताऱ्यात १९६१पासून सैनिक शाळा आहे. तिथली मुलं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातात, काही नौदल निवडतात. २०१९च्या महापुरात सांगलीकरांना बाहेर काढायला नौदलाच्या बोटी आल्या होत्या. इतका जवळचा संबंध असताना या नौकेची साधी पाटीही आपल्याकडे नसावी?

दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी नौदलाकडे लेखी मागणी करावी: तिचं मानचिन्ह, छायाचित्रं आणि सेवापट यांच्या प्रती द्या. एक संच सैनिक शाळेत लागावा, दुसरा सांगलीत, जिथं मुलांना सहज पाहता येईल अशा जागी. तिच्यावर चाकरी केलेले कुणी आपल्या गावात असतील, तर त्यांना येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, शाळेत बोलवा.