पावलाचा एक्स-रे उभं करूनच काढा

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलंय, चप्पल टोचते, अंगठा शेजारच्या बोटावर चढतोय, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बायका जास्त. हातातल्या चिठ्ठीवर बहुतेकदा ‘उजवं पाऊल, एक्स-रे’ एवढंच असतं. मग गर्दीच्या वेळी रुग्णाला टेबलावर बसवायचं, गुडघा दुमडून पाऊल कॅसेटवर टेकवायचं आणि फोटो काढून मोकळं व्हायचं, असा प्रकार सर्रास चालतो. एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून माझं ठाम मत आहे, की अंगठ्याच्या या दोषासाठी, म्हणजे ‘बनियन’साठी (bunion), असा फोटो काढणं थांबलं पाहिजे.

या फोटोवर डॉक्टर कोन मोजतात. अंगठ्याचं हाड आणि त्यामागचं पावलातलं पहिलं लांब हाड, दोन्हींच्या मधोमध लांबीच्या दिशेने एकेक रेघ ओढतात. त्या रेघांमधला कोन साधारण १५ अंशांच्या आत असावा. ४० च्या पुढे गेला तर दोष तीव्र. दुसरा कोन पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधला. तो साधारण ९ अंशांपर्यंत ठीक मानतात. शस्त्रक्रियेत हाड टोकाशी कापायचं की मुळाशी, हे ठरवताना हा दुसरा कोन फार महत्त्वाचा.

पण अंगावरचा भार पडला, की पाऊल पसरतं आणि ही लांब हाडं एकमेकांपासून फाकतात. बसून काढलेल्या फोटोत ते दिसत नाही. हा दुसरा कोन कमी भरतो, दोष सौम्य वाटतो.

उभं करायला मोठी यंत्रणा लागत नाही. भक्कम लाकडी चौरंग, कॅसेटवर जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी, धरायला कठडा. दोन्ही पावलांवर सारखा भार द्यायचा आणि एक्स-रेची नळी टाचेकडे सुमारे १५ अंश कलवायची. ज्यांना उभंच राहवत नाही, त्यांच्या फोटोवर ‘बसून काढला’ असं स्पष्ट लिहायचं.

कोन मोठा म्हणून लगेच शस्त्रक्रिया, असंही नाही. दुखणं किती, चालणं किती अडतं, पुढून रुंद चपलेने आराम पडतो का, हे आधी बघायला हवं. म्हणूनच मोजमाप तरी खरं हवं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘उभं करून’ हे दोन शब्द लिहावेत. ते नसतील, तर तंत्रज्ञाने फोन करून विचारावं. आणि टेबलावर चढायला सांगितलं, तर रुग्णानेही बेलाशक विचारावं, “उभं राहून नाही का काढायचा?”