सूट स्त्रीत्वाला नको, विवेकाला हवी

१ जुलै २०२५ पासून डेन्मार्कमध्ये अठरा वर्षांची होणारी मुलगी मुलाच्या बरोबरीने सक्तीच्या सैन्यसेवेच्या सोडतीत आली. स्वयंसेवक कमी पडले तर चिठ्ठी तिच्याही नावाची निघू शकते. सेवेची मुदतही ४ महिन्यांवरून ११ महिन्यांवर नेण्याचे ठरले आहे. नॉर्वेने हा बदल २०१५ सालीच केला होता. स्वीडनने २०१७ मध्ये सक्ती पुन्हा आणली ती मुलामुलींना एकत्र धरूनच. तिन्ही देश लुथरन परंपरेतले.

अमेरिकेत उलट चित्र दिसले. मुलींचीही लष्करी नोंदणी करावी अशी शिफारस तिथल्या राष्ट्रीय आयोगाने मार्च २०२० मध्ये केली. पुढच्या वर्षी ती संरक्षण विधेयकाच्या मसुद्यात शिरली आणि डिसेंबरात वगळली गेली. विरोध करणाऱ्यांत चर्चेस पुढे होती. प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिकाने २००२ मध्येच स्त्रियांच्या सक्तीच्या भरतीचा निषेध केला होता. सदर्न बॅप्टिस्टांनी २०१६ मध्ये तसाच ठराव केला.

म्हणजे दोन्ही बाजूंना ख्रिस्ती माणसे आहेत आणि दोघांच्या हातात एकच बायबल. माझे म्हणणे असे की दोघेही भलत्याच प्रश्नावर हातघाईला आले आहेत. स्त्रीने लढावे की नाही, यावर ते भांडतात. राजाने कोणाला धरून न्यावे का, हा प्रश्न दोघेही टाळतात.

पहिल्या, म्हणजे स्त्रियांच्या भरतीला विरोध करणाऱ्या, पक्षाचे म्हणणे आधी नीट मांडू. देवाने पुरुषावर रक्षणाची जबाबदारी टाकली. गणनेच्या पहिल्या अध्यायात मोशेने युद्धास लायक असे वीस वर्षांवरचे पुरुषच मोजले. अनुवाद २२:५ प्रमाणे स्त्रीने पुरुषाचा पेहराव करू नये, आणि पेहरावात शस्त्रेही आली. पेत्राने तर स्त्रीला नाजूक पात्र म्हटले आहे. सबब मुलीला रणात ओढणे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे.

आता एकेक आधार तपासू. ती शिरगणती सीनायच्या रानात, कनानच्या वाटेवर असलेल्या एका लोकसमूहाची होती. तिच्यातून लेवीचा वंश वगळलेला होता आणि वयाला वरची मर्यादा सांगितलेली नव्हती. ती सर्वकाळचा कायदा मानायची तर सत्तरीच्या आजोबांनाही बोलावणे धाडावे लागेल. तसे कोणी मागत नाही. सोयीचे तेवढे उचलायचे आणि त्याला सृष्टिक्रम म्हणायचे, याला शास्त्रार्थ म्हणत नाहीत. पेहरावाचे वचन ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात सहा वचने पुढे लोकर आणि तागाचे मिश्र कापड वापरण्याची मनाई आहे. ती आज कोण पाळते? १४३१ मध्ये रुआँ इथे जोन ऑफ आर्कला जाळले, तेव्हा पुरुषी पोशाख हा तिच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. चर्चनेच १४५६ मध्ये तो निवाडा रद्द केला आणि १९२० मध्ये तिला संतपद दिले. ज्या आधारावर एकदा एवढे तोंड पोळले, तो पुन्हा पुढे करताना थोडा विचार व्हायला हवा होता.

शिवाय दबोरेचे काय करायचे? रामा आणि बेथेल यांच्यामध्ये खजुरीखाली बसून ती इस्राएलाचा न्याय करी. तिनेच बाराकाला बोलावून दहा हजार माणसे घेऊन डोंगर चढायला सांगितले. यावरची ठरलेली पळवाट अशी की पुरुष भेकड निघाले, म्हणून देवाने नाइलाजाने बाई उभी केली. पण इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात हाच बाराक विश्वासवीरांच्या यादीत आहे. नऊशे लोखंडी रथांवर चालून गेलेला माणूस भेकड ठरवायचा, तो केवळ आपला सिद्धान्त वाचवण्यासाठी.

या पक्षाचा मोठा दोष मात्र वेगळाच आहे. मुलीला वाचवण्याच्या घाईत तो मुलाला बिनबोभाट देऊन टाकतो. मुलगा काय वाऱ्यावर पडला आहे? अठरा वर्षांच्या पोराच्या हाती त्याच्या मनाविरुद्ध बंदूक द्यायची आणि त्याच्या बहिणीपुरता निषेध नोंदवायचा, हा कसला धर्मविचार?

दुसरा पक्ष समतेचा. त्याचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. १९८१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पुरुषांपुरती नोंदणी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली, कारण तेव्हा स्त्रियांना लढाऊ पदांवर बंदी होती. डिसेंबर २०१५ मध्ये ती सगळी पदे स्त्रियांना खुली झाली. कारणच उरले नाही, तर सूट कशाला? हक्क बरोबरीचे तर ओझेही बरोबरीचे. त्यावर गलतीकरांस पत्रातला दाखला येतोच: ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही.

दाखला खरा आहे, पण तो बाप्तिस्म्याबद्दलचा आहे. पौल देवाच्या घरातल्या वारसांविषयी बोलतो आहे. सरकारच्या भरतीची यादी करताना ते वचन पुरावा म्हणून लावणे म्हणजे अंगणातला तुळशीचा कट्टा उचलून तोफेखाली ठेवण्यासारखे आहे. ओझ्याच्या वाटणीचा मुद्दा अधिक वजनदार आहे, पण त्याच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मुलग्यांवरची सक्ती न्याय्य आहे, हे आधीच मान्य केले तरच मुलींना सोडणे अन्यायाचे होते. ते गृहीतच वादात आहे. अन्याय सारखा वाटून दिला म्हणून त्याचा न्याय होत नाही.

मग बायबल सक्तीबद्दल काय म्हणते? इस्राएलाचे वडीलधारे शमुवेलाकडे राजा मागायला आले, तेव्हा त्या म्हाताऱ्याने त्यांना राजाची रीत ऐकवली. पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात ती सविस्तर आहे. राजा मुलगे घेईल, त्यांना रथांवर आणि घोड्यांवर नेमील, कोणाकडून शेत नांगरून घेईल तर कोणाकडून हत्यारे घडवून घेईल. आणि तो मुलीही घेईल, सुगंधी द्रव्ये बनवायला, रांधायला, भाकरी भाजायला. स्त्रियांच्या सक्तीच्या सेवेचा इतका उघड उल्लेख बायबलात आहे, आणि दोन्ही पक्षांच्या कैफियतीत तो क्वचितच सापडतो. कारण तो दोघांनाही अडचणीचा आहे. शमुवेलाला मुलगे नेण्यात काही वावगे वाटत नाही आणि फक्त मुली नेण्यात वाटते, असे तिथे नाही. एका दमात तो दोन्ही सांगतो आणि शेवटी बजावतो की तुम्ही सगळेच त्याचे दास व्हाल.

तीन अध्यायांनंतर ते खरे होऊ लागते. राजा शौल बैलांची जोडी कापतो, तुकडे इस्राएलाच्या सगळ्या प्रांतांत पाठवतो आणि निरोप देतो: जो येणार नाही त्याच्या बैलांचे असेच होईल. याच्या शेजारी दबोरेचे गीत ठेवून पाहा. ती आपखुशीने पुढे आलेल्यांचा गौरव करते. रूबेन मेंढवाड्यात रमला, दान जहाजांपाशी राहिला, आशेर किनाऱ्यावर बसून राहिला, म्हणून ती त्यांना टोमणे मारते. मेरोजच्या रहिवाशांना त्याच गीतात शापही आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. पण कोणाच्या दारात माणसे धाडून तिने कोणाला ओढून आणल्याचे तिथे नाही. लाज वाटायला लावणे वेगळे आणि बैल कापून धाडणे वेगळे.

मोशेच्या नियमातही हेच दिसते. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात लढाईच्या तोंडावर अंमलदारांनी विचारायचे प्रश्न दिले आहेत. नवे घर बांधून अजून राहायला गेला नाहीस? घरी जा. द्राक्षमळा लावून फळ चाखले नाहीस? घरी जा. मुलीशी मागणी झाली आहे, लग्न व्हायचे आहे? घरी जा. आणि शेवटी, भीती वाटते? तरीही जा. त्या भित्र्याला चौकशीपुढे उभे करून सचोटी सिद्ध करायला लावलेले नाही. युद्धाला हो म्हणणाऱ्या शास्त्रातही माणसाच्या अंतःकरणाला एवढी जागा आहे. मग आपल्या कायद्यांत ती का नसावी?

कोणी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढील: सत्ता देवाने नेमली, तिच्या हाती तलवार दिली. मान्य. त्याच अध्यायात पौल सत्तेचे देणेही मोजून सांगतो: कर, जकात, धाक, सन्मान. अंतःकरण त्या यादीत नाही. देवाची आज्ञा आणि माणसाची आज्ञा यांत पेच पडला तर कोणाची पाळायची, याचे उत्तर प्रेषितांनी सान्हेद्रिनसमोर दिलेलेच आहे.

या वादाची खरी कसोटी पाहायची तर १९४३ सालच्या लंडनमध्ये जावे लागते. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने ब्रिटनने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने बोलावले होते. स्त्रीच्या लेखी संमतीवाचून तिच्या हाती प्राणघातक शस्त्र द्यायचे नाही, अशी तजवीज त्यात होती. सैन्यात जायला विवेकाच्या कारणावरून नकार देता येई. नागरी संरक्षणाच्या सक्तीच्या कामाला मात्र तसे कलम नव्हते. कॅथलीन लॉन्सडेल ही क्वेकर बाई, तीन मुलांची आई आणि नामांकित स्फटिकशास्त्रज्ञ. बेंझिनचे वलय सपाट असते, हे तिने १९२९ मध्ये दाखवून दिले होते. आगीवर पहारा देण्याचे काम ती आपखुशीने करतच होती. नोंदणी केली असती तर लहान मुलांची आई म्हणून तिला सूटही मिळाली असती. तिने नोंदणीच नाकारली. दोन पौंड दंड झाला, तोही भरला नाही. तिला महिनाभर हॉलोवेच्या तुरुंगात घातले. दिवसा साफसफाई आणि संध्याकाळी कोठडीत शास्त्रीय आकडेमोड, असा तो महिना गेला. दोन वर्षांनी रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री सदस्यांत तिचे नाव आले. तुरुंगसुधारणेचे काम ती पुढे अनेक वर्षे करत राहिली.

ही एक बाई दोन्ही पक्षांना भारी पडते. आई म्हणून मिळणारी सूट तिने घेतली नाही, कारण त्या सुटीत तिचा नकार बुडाला असता. सरकारने तिला बाई समजून सोडले असते, तिचे म्हणणे ऐकून नव्हे. काम टाळायचे म्हणून ती अडून बसली, असेही म्हणता येत नाही. पहारा तर ती देतच होती. ऐच्छिक सेवेला हो आणि विवेक न विचारणाऱ्या सक्तीला नाही, इतका साधा तिचा हिशेब होता.

विवेकाला जागाच नसेल तर काय होते, ते एरिट्रियात दिसते. तिथे १९९५ च्या फर्मानाने स्त्री-पुरुष दोघांवर राष्ट्रीय सेवा लादली. कागदावर मुदत अठरा महिने, प्रत्यक्षात वर्षानुवर्षे. बारावीचे वर्ष मुलामुलींना सावाच्या लष्करी छावणीत काढावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१५ च्या अहवालात सेवेतल्या स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारांची नोंद केली. हातात शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांचे नागरिकत्व १९९४ मध्येच काढून घेतले होते. त्यांच्यातले तिघे २६ वर्षे कैदेत राहून २०२० च्या डिसेंबरात सुटले. तरुण माणसे देश सोडून का जातात, हा प्रश्न तिथल्या चार कॅथलिक बिशपांनी २०१४ च्या पत्रातून जाहीरपणे विचारला. समता हवी असणाऱ्यांना एरिट्रियात ती पुरेपूर मिळेल. मुलगी आणि मुलगा तिथे सारखेच अडकले आहेत.

आता सर्वांत कठीण आक्षेप. सगळेच नाही म्हणाले तर देश कोण राखणार? रशियाच्या सरहद्दीवरच्या नॉर्वेने काय करावे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नॉर्वेनेच दिले आहे. तिथे दर वर्षीच्या मुलामुलींपैकी थोड्यांनाच प्रत्यक्ष सेवेत घेतात, निवडताना त्यांची इच्छा विचारतात आणि विवेकाच्या कारणावरून दिलेला नकार मान्य करतात. तिथे सक्ती चालते, ती सक्तीसारखी वागत नाही म्हणून. जिथे लोकांना देश आपला वाटतो, तिथे माणसे मिळतात. आपल्याकडचे उदाहरण जवळचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दार उघडल्यावर खडकवासल्याच्या एनडीएत मुली आपणहून आल्या. त्यांच्यातल्या १७ जणींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी संचलन करून बाहेर पडली. त्यांत एखादी ख्रिस्ती मुलगी उद्या गेली, तर तिला सृष्टिक्रमाची भीती घालण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही.

भारतात सक्तीची भरती नाही, म्हणून हा वाद परका समजू नये. आपल्या संविधानाच्या कलम २३ मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला आहे. धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून तीत भेदभाव करता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. त्या यादीत लिंग नाही. म्हणजे स्त्रियांना वगळणारा कायदा करायला या कलमाची आडकाठी नाही. विवेकाच्या कारणाने नकार देणाऱ्याबद्दल मात्र तिथे एक शब्दही नाही.

असा कायदा उद्या आलाच, तर आपल्या मंडळ्यांनी काय मागावे, ते आजच ठरवायला हवे. ज्याला जायचे आहे त्याच्यासाठी, मुलगी असो की मुलगा, दार उघडे असावे. ज्याचा विवेक नाही म्हणतो, त्याच्या नकाराला कायद्यात कलम असावे आणि त्याऐवजी करायची सेवा असावी. फक्त मुलींपुरती सूट मागू नका. ती मिळाली तर मुलगे अडकतील, आणि मुलींचा नकार कोणी लिहूनही घेणार नाही.