कागदावरचा विरह

माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याला अमेरिकेतून परत पाठवलं, त्याला दोन वर्षं झाली. ती तिथली नागरिक, तो पुण्यात. परवा फोनवर म्हणाली, "दादा, कॅनडातून गुपचूप आणता येतं म्हणे." मी ओरडलोच! हद्दपारीनंतर चोरून घुसलं की १९९६ च्या कायद्याने कायमची बंदी. मग दहा वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीसुद्धा मागता येत नाही.

सरळ रस्ता लांबचा, पण आहे. आधी तिचा नात्याचा अर्ज, आय-१३०. मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. त्यानंतर हद्दपार झालेल्याला पुन्हा येऊ द्या म्हणून आय-२१२. तो वर्षाहून जास्त बेकायदा राहिला होता, म्हणून वर माफीसाठी आय-६०१.

मला राग येतो तो आय-६०१ चा. त्यात बायकोचे 'कमालीचे हाल' सिद्ध करायचे. नुसता विरह चालत नाही, तो म्हणे सगळ्यांनाच होतो! आणि लेकीचे हाल थेट धरतच नाहीत, त्यांचा आईवर काय परिणाम होतो तेवढंच बघतात. हा कुठला न्याय?

असो. तिला म्हटलं, रागावून अर्ज भरला जात नाही. डॉक्टरांचे कागद, घराचे हप्ते, पाळणाघराच्या पावत्या, सगळं जपून ठेव. काल बुटांचा एक रिकामा खोका काढलाय तिने.