विश्लेषण : पोटाच्या ऊतींतून स्तनाची पुनर्रचना; पण रुग्णाला सांगणार कधी?

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागला, तर पोटाची त्वचा आणि चरबी वापरून तो पुन्हा घडवता येतो. ही माहिती महिलेला शस्त्रक्रियेआधी मिळायला हवी. ती देणे हा उपचाराचाच भाग आहे.

फ्लॅप म्हणजे काय?

स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलवलेली ऊती म्हणजे फ्लॅप. अमेरिकेतील डॉ. कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ मध्ये ‘ट्रॅम’ फ्लॅप मांडला. यात नाभीखालची त्वचा व चरबी पोटाच्या स्नायूसह छातीकडे वळवतात. मात्र स्नायू गेल्याने पोटाची भिंत कमकुवत होऊन हर्नियाचा धोका वाढतो. पुढे आलेल्या ‘डीप’ फ्लॅपमध्ये स्नायू जागेवरच राहतो. त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या करून सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील रक्तवाहिन्यांना जोडतात. जोडणी तुंबली तर फ्लॅप मरू शकतो. त्यामुळे पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

आधीच का सांगायचे?

पुनर्रचना नंतरही करता येते. पण स्तन काढतानाच ती केली, तर वरची त्वचा बऱ्याचदा वाचवता येते. शिवाय पोटाचा हा भाग एकदाच वापरता येतो. ‘टमी टक’ झालेले असेल, तर हा पर्याय सहसा उरत नाही. धूम्रपान, मधुमेह, किरणोपचार यांचाही विचार करावा लागतो. अनेक तासांची शस्त्रक्रिया आणि पोटावरचा लांब व्रण नको वाटणेही तितकेच रास्त आहे. पण नकार देण्यासाठीही पर्याय माहीत असावा लागतो.

खर्चाचे काय?

हे ‘सौंदर्याचे चोचले’ नाहीत. ‘आयआरडीएआय’ने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवाद प्रमाणित केले. त्यात प्लास्टिक सर्जरी वगळली असली, तरी कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला या वगळण्यातून सूट आहे. मात्र पॉलिसीच्या इतर अटी लागू होतात.

मग अडते कुठे?

न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये कायदा करून ही माहिती आधी देणे रुग्णालयांना बंधनकारक केले. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी पाच मिनिटे बोलले तरी पुरे. आणि डॉक्टर बोलले नाहीत, तर आपण विचारावे : ‘पुनर्रचनेचे काय?’